दहा दिवसांत मुकुंदवाडीचा उद्धार : इच्छुकांसाठी मार्गदर्शन

परदेशी जाऊन अल्प मुदतीची ख्रिस्ती सेवा करू इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम ठिकाण नीट निवडावे. डोंगर, जंगल, पायवाटा फोटोत छान दिसतात, पण रात्रीच्या मुक्कामाची पंचाईत होते. त्या मानाने छत्रपती संभाजीनगरातील मुकुंदवाडी फार सोयीची. चिकलठाण्याचे विमानतळ जवळ, दाराशी जालना रोड, स्वतःचे रेल्वे स्थानक, शिवाय वेरूळ-अजिंठा आटोक्यात. दहा दिवसांतून जाण्यायेण्याचे तीन, अर्धवट झोपेचा एक, लेण्यांचे दोन आणि पोट बिघडल्याचे दोन वजा केले, की सेवेसाठी किती उरतात याचा हिशेब निघण्यापूर्वी करू नये. उत्साह मावळतो.

पुढची पायरी व्हिसाची. भारत सरकारचा मिशनरी व्हिसा नावाचा वेगळा प्रकार आहे. त्याला कागद लागतात आणि वेळ लागतो. पर्यटक व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो, पण त्यावर आलेल्याने उपासनेला येऊन बसावे, धर्मप्रचार करू नये, असा नियम आहे. हा नियम ज्यांना जाच वाटतो त्यांनी जॉन ॲलन चाऊचे प्रकरण आठवावे. २०१८ मध्ये हा अमेरिकन तरुण पर्यटक म्हणून अंदमानात आला, मच्छीमारांना पैसे देऊन बंदी असलेल्या उत्तर सेंटिनेल बेटावर गेला आणि तिथेच मारला गेला. त्याला नेणाऱ्या स्थानिक मच्छीमारांना अटक झाली. पाहुण्याच्या धाडसाचे बिल बहुधा असे यजमानाच्या नावावर फाटते.

परवान्याची कटकट काही आजची नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना आल्या पावली परत जायला सांगितले. दोघे गुपचूप जहाजात बसून निसटले, कोचीनला सापडले आणि पुन्हा मुंबईत आणले गेले. त्याच वर्षी कंपनीची सनद बदलली आणि राहायची सोय झाली. त्यातूनच अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. मात्र इच्छुकांनी हॉलचा कित्ता मुळीच गिरवू नये. हा गृहस्थ मराठी शिकला, बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतला आणि १८२६ मध्ये नाशिककडे दौऱ्यावर असताना पटकीने गेला. त्याच मिशनच्या सिंथिया फरार बाईंचेही तेच. १८२७ मध्ये मुंबईत आल्या, पुढे अहमदनगरात मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुले त्यांच्याकडे अध्यापन शिकल्या. बाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. इतक्या वर्षांत त्यांनी एखादी भिंत रंगवल्याची नोंद नाही.

आणि भिंत रंगवणे हाच तर अल्पकालीन सेवेचा कणा.

विधी असा. सगळ्यांनी एका रंगाचे टी-शर्ट घालावेत. भिंत बालवाडीची असल्यास उत्तम. रंगमिस्त्री आधी जुने पोपडे खरवडतो, लांबी भरतो, पॉलिश पेपर मारतो, प्रायमर लावून वाळू देतो आणि मगच रंगाचा डबा उघडतो. सेवकाने या भानगडीत पडू नये, डब्यापासूनच सुरुवात करावी. ओल आलेल्या पोपड्यावर आकाशी रंगाचा जाड हात मारावा, वर इंद्रधनुष्य काढावे, खाली मुलांच्या हाताचे ठसे घ्यावेत. मिस्त्री तेवढा वेळ दाराशी उकिडवा बसून पाहत राहतो. त्याला हसू आवरत नसेल तर तो आनंदित झाला आहे असे समजावे. पाहुणे गेल्यावर तोच सगळे खरवडून पहिल्यापासून करतो. म्हणजे सेवेतून रोजगारनिर्मिती होते.

यावर खर्चाचा मुद्दा काढणारे असतातच. कर्ट व्हेर बीक या अभ्यासकाने १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये बांधलेल्या घरांचा हिशेब मांडला. उत्तर अमेरिकेतून आलेल्या गटांनी बांधलेले एक घर विमानप्रवासासह सुमारे ३० हजार डॉलरला पडले, स्थानिक संस्थांनी बांधलेले सुमारे दोन हजारांना. असले अभ्यास प्रवासापूर्वी वाचू नयेत. इव्हान इलिच या पाद्र्याने तर १९६८ मध्ये मेक्सिकोत, सेवेसाठी आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्याच परिषदेत, तुमचा हा परोपकार थांबवा आणि पर्यटक म्हणून खुशाल या, असे तोंडावर सांगितले होते. मुकुंदवाडीतले पाळक असे काही बोलत नाहीत. ते चहा पाजतात.

ब्रश धुवायला पाणी मागताना मात्र जरा जपून. शहराला पाणी येते पैठणच्या जायकवाडी धरणातून, आणि नळाला ते रोज येत नाही. ज्या वस्तीत नळच नाही तिथे टँकर, ड्रम आणि विकतचे जार. जुलै २०१९ मध्ये पावसाने ओढ दिली होती, तेव्हा मुकुंदवाडीची नऊ-दहा वर्षांची पोरे कॅन आणि कळशा घेऊन रेल्वेत चढत, तेव्हाच्या औरंगाबाद स्थानकावर पाणी भरत आणि परतीच्या गाडीने घरी येत. जाऊन-येऊन सुमारे १४ किलोमीटर. परदेशी वृत्तसंस्थांनी त्यांचे फोटो जगभर पाठवले. अशा ठिकाणी आकाशी रंगाचा ब्रश धुण्यासाठी बादलीभर पाणी मागितले, तर पाळकबाई ते नाही न म्हणता देतील. त्या दिवशी घरची भांडी कशी घासली, हे त्या पाहुण्यांना सांगणार नाहीत.

भाषेचा प्रश्न किरकोळ आहे. ‘जय ख्रिस्त’ पाठ करावे, बाकी दुभाषा सांभाळतो. हा दुभाषा म्हणजे मंडळीतला इंग्रजी येणारा एखादा तरुण, चिकलठाण्याच्या कंपनीत कंत्राटी कामावर. त्याचे दहा दिवसांचे खाडे होतात. ते सेवेच्या अंदाजपत्रकात धरायची पद्धत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजने लिहिली, त्यामुळे इथल्या लोकांना साक्ष टाळ-ढोलकीसह ऐकायची सवय आहे. गिटार आणली तरी ते ऐकून घेतात.

डॉक्टर असलेल्या सेवकाला आपण तरी खात्रीने उपयोगी आहोत असे वाटते. भारतात तपासणी-औषधोपचार करायला परदेशी डॉक्टरला तात्पुरती परवानगी लागते, हे त्याला शिबिराचा फलक लागल्यावर कळते. मिरजेच्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले, पण ते निवृत्तीपर्यंत तिथे राहिले. त्यांना फलकाची गरज उरली नाही.

निघताना मदतीचे पाकीट पाळकांच्या हातात कोंबू नये. परदेशी देणगीला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीपासून देणगीची रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. प्रेमाने दिलेले पाकीट पाळकांना कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायला लावू शकते.

खरोखर शिकायचेच असेल तर उलट्या दिशेचा एक दौरा अभ्यासावा. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या आणि अडीच-तीन वर्षे तिथेच फिरल्या. कोणाच्या भिंती रंगवल्या नाहीत. शाळा पाहिल्या, बालवाडीची पद्धत शिकल्या, व्याख्याने दिली. बोस्टनमध्ये त्यांच्या नावाने मंडळ स्थापन झाले. त्याने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. परतल्यावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले, आणि यजमान देशाचे गुणदोष सांगणारे प्रवासवर्णन त्याच वर्षी मराठीत छापले गेले. मुकुंदवाडीवर असे पुस्तक लिहिण्याइतके दिवस राहिलेला पाहुणा अजून यायचा आहे.

यजमान कुटुंबांना एक विनंती. घरी उतरलेल्या परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे नोंदवावी लागते. विमानतळावर हार घालायला जाण्यापूर्वीच पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती मागवून ठेवा.