सासुरवाडीचे वन्यजीव

सासुरवाडी बीड जिल्ह्यातली आहे म्हटलं की पूर्वी लोक दुष्काळाची चौकशी करायचे. डिसेंबर 2021पासून माकडांची करतात. माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, छपरांवर नेऊ लागली. काही पिल्लं वरून पडून मेली, शेवटी वनखात्यानं दोन वानरं पकडून नेली. तोवर ही गोष्ट 'माकडांचा सूड' म्हणून परदेशी पेपरांत पोचली होती आणि मेलेल्या कुत्र्यांचा आकडा अडीचशेवर गेला होता. गावात मुळात कुत्री किती, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. आमचं गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. लवूळ पार तिकडं. पण हा भूगोल पुण्याच्या ऑफिसात चालत नाही. रजेचा अर्ज दिला की साहेब म्हणतात, "कुत्र्यांच्या बाजूनं जाताय की माकडांच्या?"

2023 साली अधिक श्रावण आला आणि धोंडे खायला बोलावणं आलं. तूप, पुरणाचे धोंडे, नवा टॉवेल-टोपी असा थाट. दुपारी मेहुण्याला म्हटलं, जवळच नायगावचं मयूर अभयारण्य आहे, मोर बघून येऊ. 1994 साली इथल्या सुमारे 30 चौरस किलोमीटर डोंगराला अभयारण्य केलं, वगैरे माहिती मी वाचून गेलो होतो. मेहुण्यानं माझ्याकडं दयेनं पाहिलं. "दाजी, त्याला अभयारण्यात कशाला जायचं? आपल्याच सोयाबीनीत हायेत की."

खरंच होते. बांधावरून सात-आठ मोर-लांडोरी एका ओळीत, तासाला तास धरून चालल्या होत्या आणि नुकता वर आलेला कोंब न् कोंब टिपत होत्या. मजूर लावूनही इतकं शिस्तशीर काम होत नाही. मी मोबाइल काढला. एकानं पिसारा फुलवला, मी "वा!" म्हणालो आणि मागून सासऱ्यांनी ढेकूळ भिरकावलं.

"मामा, राष्ट्रीय पक्षी आहे तो!"

"मग राष्ट्रानं चारावं त्याला. माझी दुबार पेरणी त्याच्यामुळंच झाली."

सासऱ्यांच्या लेखी रानातली सगळी जनावरं म्हणजे भावकी. सातबाऱ्यावर नाव नाही, पण हिस्सा सगळ्यांना हवा. हरणं वरचेवर येतात, शेंडा खुडून जातात. ती त्यातल्या त्यात सभ्य. वानरं आंब्याच्या दिवसांत हक्कानं मुक्कामाला. डुकरं म्हणजे थेट कोर्टात जाणारी शाखा. डुकरांचा पंचनामा तरी होतो, तलाठी येतो, फोटो निघतात. मोराचा पंचनामा कुणाला सांगायचा?

बिबट्याचं नाव मात्र कुणी थट्टेत घेत नाही. 2020च्या नोव्हेंबरात शेजारच्या आष्टी तालुक्यात त्यानं माणसं मारली. डिसेंबरात करमाळा तालुक्यात त्याला गोळी घातली, तोपर्यंत रात्रीच्या लाइटीवर दारं धरायला जायचं कुणाचं धाडस नव्हतं. त्यातून जी माणसं ऊसतोडीला जुन्नरच्या अंगाला जातात, त्यांना फडात कोयता चालवताना बिबट्याची पिल्लं सापडतात. त्यामुळं मी उत्साहानं "बिबट्या दिसेल का?" असं विचारलं, तेव्हा सासूबाईंनी ताटात वाढायचा धोंडा परत पातेल्यात ठेवला.

शेताला कुंपण साड्यांचं होतं. फडफडणाऱ्या रंगांना डुकरं बुजतात म्हणून या भागात जुन्या साड्या बांधावर बांधतात. पूर्वेच्या बाजूला एक मोरपंखी साडी ओळखीची वाटली. जवळ जाऊन काठ बघितला. माझ्या आईनं लग्नात विहीणबाईंना नेसवलेली मानाची साडी! बायको घाईघाईनं म्हणाली, "सगळ्यांत भारी साडी लावलीय, डुकरं तिकडून येतच नाहीत." हे पुण्याला आईला कसं सांगायचं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

त्या रात्री आखाड्यावर झोपायचा हट्ट माझाच. मेहुण्यानं बाज टाकली, बॅटरी दिली आणि झाडाला बांधलेला चार्जिंगचा भोंगा सुरू केला. त्यात सासऱ्यांचा आवाज भरलेला: दर दोन मिनिटांनी "हाऽऽड! ए मुडद्या, निघ माझ्या रानातून!" दिवसभर 'जावईबापू, जावईबापू' ऐकल्यावर रात्री हे ऐकत झोपणं जड जातं.

मध्यरात्री उठावं लागलं. मकवानाच्या कडेला उभा राहिलो तर आत ताटं कडाकड मोडत होती. बॅटरी टाकली. चार हातांवर रानडुक्कर. मानेपासून पाठीपर्यंत ताठ उभे राठ केस, मातीनं माखलेलं लांब नाकाड, तोंडात हिरवंगार ताट. त्यानं चावणं थांबवलं नाही. नेमका तेव्हाच भोंगा गरजला, "निघ माझ्या रानातून!" डुकरानं माझ्याकडं पाहिलं. हे तुला म्हणतायत, असाच त्याचा समज असावा. सासऱ्यांच्या आवाजाला ते पुरतं सरावलेलं होतं.

मग मी ओरडलो. काय ओरडलो ते शब्दांत नव्हतं. डुक्कर ताट टाकून, मानाची साडी फाडून (हा एक प्रश्न परस्पर मिटला) पलीकडच्या ओढ्यात पसार झालं. वस्तीवरची कुत्री गप्प झाली. सासरे कुऱ्हाड घेऊन धावत आले.

सकाळी मेहुणा चहाबरोबर मोबाइल पुढं करून बसला. "दाजी, रात्रीचं ते परत एकदा करा. भोंग्यात भरायचंय." मी आढेवेढे घेतले, तशी बायको म्हणाली, "करा हो. लग्न झाल्यापासून आमच्या घराला एवढा तरी उपयोग." चारचौघांत बाजेवर बसून मी ओरडलो. पहिलं त्यांना पसंत पडलं नाही, म्हणाले रात्रीचा जीव नाही त्यात. दुसरं घेतलं.

पुण्याला परतलो आणि आठवड्यानं फोन आला. डुकरं फिरकलेली नाहीत. शेजारच्या रानवाल्यांनीही ते कार्ड भरून नेलंय. फक्त मोर काही केल्या हटत नाही. मामा विचारतायत, मोरासाठी जरा बारीक आवाजात एक पाठवता का.