सिंगल ओनर

माणगावात कुणाचीही जुनी मोटार विकायला निघाली की आप्पा आधी विचारतात, "मालक किती झाले?" दोन किंवा तीन असं उत्तर आलं की त्यांचा चेहरा खुलतो. "आपली सिंगल ओनर. आधीचा मालक कोण, ठाऊक आहे? भारत सरकार!"

आपली म्हणजे लष्कराच्या डिस्पोजलमधली वन टन निसान. पुण्याला पॉवर टिलर बघायला गेलेला हा माणूस ताम्हिणी घाटातून ट्रक घेऊन उतरला. लिलावात लॉटच्या लॉट उचलणाऱ्या कुणा व्यापाऱ्याच्या आवारात ती कमरेएवढ्या गवतात उभी होती म्हणे. काकू ओटीवर येऊन बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे पुष्कळ पाहिले. पदरचे पैसे मोजून लष्करच घरी आणणारे हे पहिले."

आप्पा स्वतः फौजेत कधीच नव्हते. तरी महिन्याभरात आमच्या सगळ्यांच्या गाड्या 'सिव्हिल' झाल्या. "सिव्हिल गाडीला खड्डा कळतो, हिला कळत नाही," असं ते सांगतात. आत बसणाऱ्याला कळतो, हे काकूंच्या कमरेला विचारावं.

पेणच्या आरटीओत खेटे घालून एमएच झिरो सिक्सची पाटी मिळाली, पण तिथेच एक घाव बसला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. गाडी चॉकलेटी करावी लागली. आता पाहुणा आला की चहाच्या आधी बॉनेट उघडतं आणि आतल्या कोपऱ्यात राखून ठेवलेला जुना हिरवा रंग दाखवला जातो. त्या वेळी आवाज आपोआप खाली येतो. फौजी नंबरात उभा बाण असतो आणि बाणापुढचे दोन आकडे म्हणजे गाडी 'भरती झाल्याचं' वर्ष, हे ज्ञानही तेव्हाच मिळतं. निसान मूळची जपानी, पण ही जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीतली. आणि पैठणी अस्सल येवल्याची आहे हे बायका ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात आप्पा 'जबलपूर' म्हणतात.

"ॲव्हरेज किती देते?" असं कुणी विचारलंच तर उत्तर येतं, "सहा सिलिंडर! ३९५६ सीसी! पेट्रोल!" विचारणारा काय ते समजतो.

आळीतल्या कुणाचे चिरे, कुणाचा पेंढा, मंडपाचे बांबू, सगळं हीच वाहते. पेट्रोलचं 'बघू नंतर'. पावसाळ्यात देवकुंडला आलेल्या पुण्याच्या गाड्या चिखलात रुतल्या की आप्पांना फोन येतो. एक दांडी ओढली की चारही चाकं जोर धरतात आणि वीस लाखांची सिव्हिल गाडी रेडकासारखी बाहेर येते. पैसे घेत नाहीत. मात्र सुटका झालेल्याला निथळत्या कपड्यांनी जबलपूर ऐकावं लागतं.

एक मात्र माझ्या उशिरा लक्षात आलं. इंजिन चालू असताना त्या आवाजात कुणाला काही सांगताच येत नाही. त्यामुळे गाडी बंद पडली की आप्पा खचत नाहीत, उलट मोकळे होतात. गणपतीत गोवा महामार्गावर माणगावची कोंडी झाली आणि बाजारपेठेतच हिनं दम टाकला, तेव्हा मागचे चाकरमानी शिव्या देत उतरले. पाऊण तासानं मी पोचलो तर त्यातले चौघे बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते आणि एकजण टॉर्च धरून हिरवा रंग शोधत होता.

आप्पांना कौतुक हवं ते खऱ्या फौजीचं. गेल्या शिमग्यात महाड तालुक्यातल्या फौजी आंबवड्याचे एक निवृत्त हवालदार आमच्याकडे आले. आयुष्यभर फौजेच्या गाड्या चालवलेले. आप्पांनी ट्रक धुऊन, पुसून अंगणात उभा केला. हवालदारांनी दोन्ही हात मागे बांधून एक फेरी मारली, चाकावर बूट आपटला, वाकून खाली पाहिलं. आम्ही सगळे गप्प.

"हीच," ते म्हणाले. "सुट्टीवर निघालो की स्टेशनपर्यंत हिच्यातनं सोडायचे. दोनदा माझी रेल्वे चुकली हिच्या पायी."

आप्पांनी माझ्या पाठीत जोरात थाप मारली. "ऐकलंस? लांबून ओळखली!"