आयोग

मंगळवारी सकाळी अकरा वाजता, म्हणजे दुसरा चहा पोटात गेलेला असतो आणि कामाला हात लावायचा की नाही यावर माणूस विचार करत असतो तेव्हा, आमच्या ग्रुपवर एकच शब्द पडतो : ‘बसायचं?’

मराठीत बसायला एरवी खुर्ची लागते, पाट लागतो, गेला बाजार परीक्षा तरी लागते. या बसण्याला काही लागत नाही. कुठे, कशावर, कशासाठी, काही सांगायचं नाही, नुसतं क्रियापद. तरी ग्रुपमधल्या सहाही जणांना ते कळतं आणि ग्रुपमध्ये नसलेल्या सहाही बायकांना त्याच्याआधी कळतं. पाच जण अंगठा दाखवतात आणि कामाला लागतात, किंवा लागत नाहीत. सहावा मात्र मोबाइल बाजूला ठेवतो, चष्मा पुसतो आणि भिंतीवरचं ‘कालनिर्णय’ खिळ्यावरून उतरवतो.

तो आमचा आयोग. नाव त्याला शाळेत असतानाच पडलं, सहलीला डब्यात कुणी काय आणायचं याचा तक्ता त्याने फळ्यावर काढला त्या दिवशी. दिल्लीतला योजना आयोग १९५० साली स्थापन झाला आणि २०१५ उजाडताच त्याच्या जागी नीती आयोग आला. दादरचा आयोग बरखास्त करायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही, खुद्द वहिनींनाही नाही.

आम्ही सगळे मूळचे दादरचे. पुढे चाळी पडल्या, टॉवर उठले आणि आमच्यापैकी एकही त्या टॉवरात राहायला गेला नाही. जो तो जागेच्या भावाबरोबर रुळांच्या कडेकडेने सरकत गेला आणि जिथे भाव परवडला तिथे उतरला. आता एकमेकांना आम्ही स्टेशनांच्या नावानेच हाक मारतो : विरार, डोंबिवली, बदलापूर, पनवेल आणि मी ठाणे. दादरला उरला तो एकटा आयोग. त्यामुळे बसायचं म्हणजे दादरलाच. तो म्हणतो, यात त्याचा स्वार्थ नाही, पश्चिम आणि मध्य रेल्वे इथे भेटतात म्हणून. घरी जायला त्याला चार मिनिटं लागतात हा निव्वळ योगायोग.

दादरची बाजू घेताना तो पार प्लेगपर्यंत जातो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, कोंदट वस्त्यांमध्ये माणसं पटापट मेली, म्हणून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर रीतसर आखून उपनगर वसवलं. तेव्हा हे शहराबाहेर होतं, आता शहराच्या पोटात आहे. ‘म्हणजे आपण आखलेल्या गावात बसतोय,’ आयोग म्हणतो, ‘इथे आयत्या वेळी ठरवून बसणं म्हणजे गावाचा अपमान आहे.’ ट्रस्टने रस्ते रुंद ठेवले होते ते हवा खेळावी म्हणून. त्यांवर आज भाजी, फुलं, गाऊन आणि मोबाइलची कव्हरं खेळतात. पण ट्रस्टचा विषय निघाला की आयोगाला अडवू नये.

तर कालनिर्णय. विरार सोमवार करतो. डोंबिवलीचा मंगळवार असतो, गणपतीचा. बदलापूर गुरुवारी दत्ताचा. पनवेल शनिवारी पितो, पण खात नाही, अंडंसुद्धा नाही. मारुतीला एक चालतं आणि दुसरं का चालत नाही, असं मी एकदा त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, ‘आजीने खाण्याचं सांगितलं होतं. पिण्याचं तिला सुचलंच नाही.’ उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. रविवारी मेगाब्लॉक. शुक्रवारी टेबल मिळत नाही, आणि मिळालं तर शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी प्रमोशनची पार्टी असते. राहिला बुधवार. त्यातून एकादशी वगळा, संकष्टी वगळा, पितृपक्ष वगळा, नवरात्र वगळा आणि अख्खा श्रावण वगळा. मग सरकारचे ड्राय डे : गांधीजयंती, आषाढी, अनंत चतुर्दशी, शिवाय निवडणूक आली की मतदान संपण्याआधीचे अठ्ठेचाळीस तास. एका वर्षी त्याने ही वजाबाकी शेवटापर्यंत नेली. हातात मोजकेच दिवस उरले. त्यांपैकी तीन दिवस आम्ही बसलो.

२०२५ची गटारी म्हणजे आयोगाच्या कारकिर्दीतली मोठी कसोटी. अमावास्या आली २४ जुलैला आणि वार नेमका गुरुवार. बदलापूरने तिथल्या तिथे हात वर केले. त्याच महिन्यात १४ तारखेला करवाढीविरुद्ध राज्यभरातल्या परमिट रूमवाल्यांनी एक दिवस बंद पाळला होता. आम्ही हळहळलो. आयोग शांत होता. म्हणाला, ‘त्या दिवशी संकष्टी होती. बारवाल्यांच्या घरीही कालनिर्णय असतं.’ मग त्याने गटारी एक दिवस अलीकडे ओढली. पंचांगकर्त्यांना न विचारता अमावास्या बुधवारी आणणारा हा माणूस आहे.

तारीख ठरली की पाहणी. हे त्याच्याबरोबर गेल्याशिवाय पटणार नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी तो पिशवी घेऊन निघतो, भाजी आणायला निघाल्यासारखा, आणि बारमध्ये शिरतो. बसत नाही. टेबलं मोजतो. पंख्याचा वारा कुठपर्यंत पोचतो ते हात पुढे करून बघतो. मोरीत डोकावून येतो. मॅनेजरला विचारतो, ‘अण्णा, फुकटच्या चखण्यात काय देता?’ उकडलेले चणे असतील तर वहीत एक टिंब, काकडी-गाजर असेल तर दोन, नुसती शेव असेल तर तो बार कायमचा बाद. सुरमईचं नाव पाटीवर दिसलं आणि महिना जुलैचा असला तर तो खिन्न हसतो. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, म्हणजे ती सुरमई बर्फातून आलेली. त्या दिवसांत त्याचा हुकूम ठरलेला : सुकट, सुके बोंबील किंवा सरळ कोंबडी-वडे.

एकाच बारमध्ये खालच्या मजल्यावर पंखा आणि वरच्या मजल्यावर एसी असतो, आणि जिना चढला की त्याच क्वार्टरचा भावही चढतो, हे मुंबईकराला माहीत असतं. आयोगाने त्यावरून सिद्धान्त मांडला. पहिले दोन खाली प्यायचे, कारण तेव्हा माणूस बोलत असतो, त्याला उकाडा कळत नाही. जेवण वर घ्यायचं, कारण जेवणाच्या भावात फरक कमी. हे त्याने प्रत्यक्षात आणलं तेव्हा सहा माणसं एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात शेंगदाण्याची प्लेट आणि काखेत छत्री अशी जिना चढू लागली. वरच्या वेटरने खालच्या वेटरकडे बघितलं, खालच्याने अण्णांकडे आणि अण्णांनी देवाच्या फोटोकडे. आम्हांला परत खाली पाठवण्यात आलं. जिन्यात डोंबिवलीची छत्री राहिली ती राहिलीच.

पायाभरणीचाही त्याचा नियम आहे. उपाशीपोटी घ्यायची नाही, पोटाला आधी अस्तर हवं. म्हणून साडेसहाला शिवाजी पार्काजवळ ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वडा. उपवासाच्या पदार्थावर अशी पायाभरणी दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही. पनवेलला एकदा त्याऐवजी ‘आस्वाद’ची मिसळ हवी होती, २०१५ साली लंडनच्या एका पुरस्कारात ती जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ ठरली होती, हे त्याचं कारण. आयोगाने परवानगी नाकारली. तिखटावर पाणी फार प्यायलं जातं आणि पाण्याने पुढची जागा अडते.

आता परवाना. महाराष्ट्रातला दारूबंदीचा कायदा १९४९चा आणि तो अजून आहे. म्हणूनच बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ असतं, आणि कायद्याने प्रत्येक पिणाऱ्याकडे परवाना हवा : एका दिवसाचा ५ रुपयांत, वर्षाचा १०० आणि आजीवन १००० रुपयांत. आम्हां पाच जणांकडे पाच रुपयांचाही नाही. आयोगाकडे आजीवन आहे, लॅमिनेट केलेला. बिल मागवलं की तो पाकिटातून काढून टेबलावर ठेवतो, निदान कुणीतरी बघावं म्हणून. इतक्या वर्षांत तो एकाच वेटरने हातात घेतला. उलटसुलट करून पाहिला, परत दिला आणि म्हणाला, ‘साब, कार्ड का मशीन बंद है. स्कॅन करो.’

बिलाची पद्धत टीटीएमएम, तुझं तू माझं मी. पण साधी नाही. आयोगाची दोन खाती आहेत, द्रव आणि घन. क्वचित शनिवारी बसलो तर पनवेलला घन खात्यातून सूट. २०२३च्या नोव्हेंबरात परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट पाचाचा दहा टक्के झाला, त्या रात्री त्याने ग्रुपवर सुधारित कोष्टक टाकलं. अंगठे आले पाच. वाचलं कुणी नाही. बर्फ कुठल्या खात्यात धरायचा हा प्रश्न मात्र अजून निकाली लागलेला नाही. तो येतो घन आणि जातो द्रव.

भेटायच्या जागेने मात्र त्याला एकदा चांगलंच पाडलं. ९ डिसेंबर २०२३पासून दादरच्या फलाटांना एकापासून चौदापर्यंत सलग क्रमांक मिळाले. पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच राहिले, मध्य रेल्वेचा एक नंबर आठ झाला. लगेच पुढच्या बुधवारी आयोगाचा निरोप आला : ‘एक नंबर, पुलाखाली, ७.१०.’ विरार पश्चिमेच्या एकवर उभा राहिला. डोंबिवली आणि मी आयुष्यभर ज्याला एक म्हणत आलो त्या आठवर उभे राहिलो. बदलापूरने पेपर वाचला होता, म्हणून तो उतरून एकवर निघाला आणि पुलावरच्या गर्दीत अडकला. पनवेल टॅक्सीने थेट बारमध्ये पोचला आणि त्याने पहिला पेग मागवला. आयोग स्वतः एकवरच होता, पण विरारपासून बारा डबे लांब. पाऊण तास फलाटावरचा प्रत्येक जण फोनवर सांगत होता की मी एक नंबरवरच उभा आहे, आणि प्रत्येक जण खरं बोलत होता. तेव्हापासून त्याच्या निरोपांना तळटीपा असतात.

हे सगळं करून बारमध्ये हा माणूस काय करतो? एक बिअर, तीही बदलापूरबरोबर वन बाय टू. मंगळवारी अकरापासून त्याच्या चेहऱ्यावर जी तरतरी चढत जाते, ती बुधवारी पहिला ग्लास टेबलावर आला की उतरायला लागते. आमची चढते तसतशी त्याची उतरते. तो घड्याळ बघतो. वेटर ‘रिपीट?’ म्हणाला की आम्ही ग्लासांकडे बघतो आणि वेटर आयोगाकडे बघतो. चणा कोळीवाडा दुसऱ्या पेगला ठरलेला, पहिल्यालाच आला तर तो परत पाठवतो. साडेदहाला तो पनवेलला उठवतो. दादरला हार्बर नाही, कुर्ल्याला गाडी बदलावी लागते. पनवेल गोष्ट अर्धी टाकून उठतो. त्याच्या किमान आठ गोष्टींचा शेवट आम्हांला माहीत नाही.

आता एक सांगतो, जे त्याच्यासमोर सांगत नाही. इतक्या वर्षांत एकच संध्याकाळ हुबेहूब त्याच्या वहीप्रमाणे पार पडली. १७ जानेवारी २०२४, बुधवार. सगळे सात-दहाला, सगळे एकाच फलाटावर, टेबल पंख्याखाली, कोळीवाडा दुसऱ्या पेगला, बिल दहा मिनिटांत, बदलापूरला बसायला जागा. वाद निघाला की आयोग या तारखेचा दाखला देतो. आम्ही मान डोलावतो. गंमत म्हणजे त्या दिवशी काय बोललो, कोण हसलं, काय खाल्लं, पाचांपैकी एकालाही आठवत नाही. जिना आठवतो, छत्री आठवते, विरारचा एक नंबर आठवतो. मी घरी विचारून पाहिलं. बायको म्हणाली, ‘त्या दिवशी तुम्ही बसला होतात? मला वाटलं, ऑफिसातून आलात.’

तर विरार आता पुण्याला मुलाकडे राहायला चालला आहे. त्याला पुणे म्हणून हाक मारायला कुणाची जीभ वळत नाही. सहातली एक जागा मोकळी झाली आहे, आणि पाचांत वन बाय टूचा हिशेब बसत नाही म्हणून आयोग अस्वस्थ आहे. त्याच्या वतीने ही जाहिरात. उमेदवार मध्य किंवा पश्चिम रेल्वेवरचा असावा. हार्बरचा एक आमच्याकडे आहे, तो पुरतो. बुधवार मोकळा हवा. शाकाहारी चालेल. स्वतःची छत्री असावी, आम्हांला एक कमी पडते. प्लॅन करणारा असेल तर कृपया अर्ज करू नये.