नवे मॉडेल जाहीर झाले असता जुन्या मोटारीच्या मालकाने करावयाचे विधी

ज्या गृहस्थाने आयुष्याच्या पूर्वार्धात काटकसरीने साठविलेले द्रव्य उत्तरार्धात एखाद्या वेगवान मोटारीत ओतले आहे, आणि जो घरच्या मंडळींसमोर त्या रकमेचा उल्लेख 'खर्च' असा न करता 'गुंतवणूक' असा करीत आला आहे, त्याच्या नशिबी एक दिवस असा उगवतोच, की कारखानदार त्याच मोटारीची नवी व अधिक अश्वशक्तीची आवृत्ती जाहीर करतो आणि सकाळची गुंतवणूक सायंकाळच्या चहापर्यंत मुकाट्याने खर्चाच्या सदरात जाऊन बसते. या प्रसंगी कोणते विधी करावे याविषयी धर्मशास्त्र मौन बाळगून आहे. मजजवळ अशी एक मोटार असल्यामुळे आणि झोपेचा त्याग करून मी या विषयाचे बरेच मनन केले असल्यामुळे, ती उणीव भरून काढण्याचे धारिष्ट करीत आहे.

सर्वांत आधी, नव्या गाडीच्या पत्रकातील अश्वशक्तीचा रकाना झाकून ठेवावा. नवखा मालक नेमका तोच वाचतो आणि घायाळ होतो; परंतु शंभराचा वेग दोन दशांश सेकंद आधी गाठण्याच्या सामर्थ्याला जुन्या बाजारात फारशी किंमत नाही, कारण पुण्याच्या विद्यापीठ चौकात नवी आणि जुनी या दोन्ही गाड्या एकाच सिग्नलपाशी, एकाच टेम्पोच्या धुरात, सारख्याच निश्चलतेने उभ्या असतात. सुज्ञाने पत्रकातून एवढेच शोधावे, की नव्या गाडीतून काय काढून टाकले आहे. तेवढ्यावर आपले भवितव्य अवलंबून असते.

याचा दाखला जर्मनीतील स्टुटगार्टच्या पोर्शे कंपनीच्या दप्तरात सापडतो. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९०१ या नावाने मांडलेली आणि मधल्या शून्यावर पेजो कंपनीने हक्क सांगितल्यामुळे ९११ झालेली ही मोटार तीन दशकांहून अधिक काळ वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनावर चालली. १९९७ साली कंपनीने पाण्याने थंड होणारे नवे इंजिन आणले. धूर आणि आवाज यांविषयीचे कायदे कडक होत चालले होते आणि तिजोरीची अवस्थाही नाजूक होती, त्यामुळे गाडीचा दर्शनी भाग बॉक्सस्टर या स्वस्त भावंडाशी वाटून घेतला गेला. दिव्यांचा आकार तर असा साधला, की पाहणाऱ्यास तव्यावर फुटून ओघळलेल्या अंड्याची आठवण व्हावी. दर्दी मंडळींनी नाके मुरडली. त्या आधीच्या, म्हणजे १९९८ साली बंद झालेल्या ९९३ या मॉडेलचा भाव लगोलग वधारला असे मात्र नाही; मधली बरीच वर्षे तिच्या मालकांनीही घसारा सोसला. पण पुढे जेव्हा 'वाऱ्याने थंड होणारी शेवटची' ही पदवी तिला चिकटली, तेव्हा ती आपल्या धाकट्या, अधिक वेगवान आणि अधिक शहाण्या बहिणीच्या कित्येक पट किमतीस विकली जाऊ लागली. म्हणून मालकाने रोज प्रातःकाळी, आपल्या गाडीच्या आरोग्याच्या आधी, कारखानदाराच्या हातून काहीतरी ढोबळ चूक घडावी अशी प्रार्थना करावी.

प्रार्थना फळाला आली, तर मात्र आळस करू नये, कारण कारखानदारास पश्चात्ताप होण्याचा धोका असतो, आणि पश्चात्ताप पावलेल्या कारखानदाराइतका घातक प्राणी जुन्या बाजारात दुसरा नाही. याच पोर्शेने २०१३ साली जीटी-३ हे शर्यतीच्या वळणाचे मॉडेल हाताने बदलण्याच्या गिअरशिवाय काढले. क्लचच्या पायपट्टीवाचून ज्यांच्या डाव्या पायाला करमत नव्हते, ते सगळे आदल्या पिढीतील गाड्यांकडे वळले, आणि त्या गाड्यांचे मालक दिवाणखान्यात छाती काढून हिंडू लागले. मग मार्च २०१६ मध्ये जिनिव्हा येथे ९११-आर नावाची गाडी आली: चार लिटरचे इंजिन, पाचशे अश्वशक्ती, हाताने बदलण्याचे सहा गिअर, आणि संख्या अवघी ९९१. अमेरिकेत तिची मूळ किंमत १,८४,९०० डॉलर होती. ज्यांना ती मिळाली त्यांतील कित्येकांनी तीत बसण्याऐवजी तिची जाहिरात देणे पसंत केले आणि दुप्पट-तिप्पट, प्रसंगी त्याहूनही अधिक रकमा मागितल्या. आपली मुंबईची भाषा वापरायची, तर सारा व्यवहार 'ऑन'वर, म्हणजे मूळ किमतीवरील वाढाव्यावर, चालला होता. बरोबर एक वर्षाने, त्याच जिनिव्हात, कंपनीने नवी जीटी-३ मांडली आणि तीत चार लिटरचे इंजिन, पाचशे अश्वशक्ती व हाताचा गिअर हे सर्व पदार्थ, संख्येची अट न घालता, वाढून ठेवले. ९११-आरचा 'ऑन' उतरू लागला. ज्यांनी वर्षभरात विकली ते द्रष्टे ठरले, आणि ज्यांनी ठेवली ते, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, प्रथमपासून गाडीवर निस्सीम प्रेम करीत होते.

कंपन्याही अनुभवाने शहाण्या होतात हे येथेच नमूद करणे इष्ट. २०२३ साली ९११-एस/टी ही १,९६३ गाड्यांची मालिका काढताना पोर्शेने अमेरिकेत पहिले वर्ष मालकी न देता गाडी भाडेपट्ट्याने दिली, जेणेकरून गिऱ्हाइकाने ती पुढच्या दारी घेऊन मागच्या दारी विकू नये. कुळकायद्याचा इतका सुंदर उपयोग आमच्याकडील एकाही जमीनदारास सुचला नाही.

आता स्वदेशी. आमच्याकडे सर्वसामान्य वेगवेड्याची धाव स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसपर्यंत. २०१७ साली ती शोरूमच्या २४.६२ लाख रुपयांना मिळे, २०२० साली ३५.९९ लाखांना अवघ्या २०० आल्या, आणि २०२५ साली ४९.९९ लाखांच्या अवघ्या १०० गाड्या काही मिनिटांत आरक्षित होऊन संपल्या. येथे मालकाने वेगळाच विधी करावयाचा. नव्या गाडीची निंदा तोंडातून काढू नये, उलट तिची चारचौघांत मुक्तकंठाने स्तुती करावी, कारण नवीची किंमत जितकी गगनाला भिडेल तितकी जुनी तिच्या छत्रीच्या छायेत उभी राहून सात्त्विक व किफायतशीर दिसू लागते, आणि शंभरांत ज्याचा नंबर लागला नाही तो विन्मुख याचक अखेरीस आपल्याच दाराशी येतो. छत्री फाटते ती नव्या गाडीचा दर उतरला म्हणजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरील कर घटून एकूण चाळीस टक्क्यांवर आला, तेव्हा एकही नवे मॉडेल न येता जुन्या गाड्यांचे भाव खचले. त्या आठवड्यात मी देशाच्या अर्थनीतीविषयी घरात बोलणे टाळले.

राहता राहिली प्रत्यक्ष विक्री. नमुना २९ व ३० भरून ठेवावे, बँकेचे तारण उतरवून ना-हरकत दाखला जवळ बाळगावा, आरसी बुकाची घडी मोडू नये, आणि वर लिहिलेली सारी मीमांसा दलालासमोर सावकाश, दाखल्यांसह मांडावी. मी ती मांडली. दलालाने वायुशीतन, हाताचा गिअर, ९११-आर आणि छत्रीचा सिद्धांत हे सर्व शांतपणे ऐकून घेतले, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, टायरवर बुटाचे टोक दोनदा आपटले, डिकी उघडून आतल्या जागेचे हाताने माप घेतले आणि म्हणाला, "काका, हिच्यात सीएनजीची टाकी बसेल का?"