असू दे एक जास्त

रत्नागिरीत जयस्तंभाच्या आसपास ज्याचं एकदा तरी सरकारी काम निघालं, त्याला आधारवाले अण्णा वेगळे सांगायला नकोत. निवृत्ती कुठल्याही खात्यातून झालेली असो, काखेत प्लॅस्टिकची फाइल आणि तोंडी 'झेरॉक्स आणलीस?' हे ठरलेलं. आणली म्हणावं तर 'किती?' दोन म्हणावं तर 'तिसरी काढ. असू दे एक जास्त.' आधार केंद्रावर मूळ कागद स्कॅन करून तिथल्या तिथे परत देतात, झेरॉक्सचं काम नसतं, हे त्यांना सांगून बघा. 'आज नसेल,' म्हणतात.

अण्णा उगाच लोकांना घाबरवतात, हा त्यांच्यावरचा मुख्य आरोप, आणि तो निम्मा खरा आहे. मोठ्या माणसाच्या आधारला मुदत नसते. नोव्हेंबर 2022 मध्ये नियम बदलला तो इतकाच, की 10 वर्षं झाली असतील तर ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा नव्याने द्यावा. 'द्यावा', 'दिलाच पाहिजे' नव्हे. अण्णांनी वाडीभर त्याचा अर्थ लावला, 'कार्ड बाद होणार.' पण मार्च 2023 मध्ये हे कागद ऑनलाइन फुकट चढवायची सवलत आली ती 3 महिन्यांची, मग ती वाढली, पुन्हा वाढली, वाढत वाढत जून 2026 पर्यंत आली. दर वेळी 'शेवटची तारीख' अण्णांनी ठरवली नव्हती, त्यांनी ती फक्त मोठ्याने वाचली. तारखा पुढे ढकलणाऱ्यांना आपण काही म्हणत नाही आणि त्या खऱ्या मानणाऱ्याला घाबरट म्हणतो, याला न्याय म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप असा, की वेबसाइट आहे, 1947 हा फोन नंबर आहे, मग अण्णा हवेत कशाला? फोनवर मराठीत उत्तर मिळतं, हे कबूल. पण कोकणात माणूस ओळखायची रीत 'कोणाचा रे तू?' अशी आहे, आणि यंत्राला 12 आकडे कळतात. मधली दरी नावांनी भरलेली. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं, आधारवर तिसरं. बाईमाणसाचं माहेरचं-सासरचं वेगळंच. नाव दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. गणपतीला चार दिवस आलेल्या चाकरमान्याला हा हिशेब खिडकीवर जाऊन कळतो, तोवर एक संधी वाया गेलेली असते. कोणाच्या आजोबांनी आडनाव कधी बदललं आणि कोणाची एकच दुरुस्ती शिल्लक आहे, हे अण्णांना पाठ असतं. बोटांचंही तेच. काजू सोलणाऱ्या हातांना कवचातलं तेल भाजतं, रेषा झिजतात, आणि मशीन 'जुळत नाही' म्हणतं. बाई ओशाळून हात पदराला पुसते. अशा वेळी 'अहो, बोटं कसली बघताय, डोळे घ्या की!' असं खिडकीतल्या पोराला खडसावणारा माणूस रांगेत असावा लागतो. आधारमध्ये दोन्ही बुबुळांची नोंद असते, ती यासाठीच. दलाल म्हणावं तर अण्णा पैसे घेत नाहीत. तासभर बोलतात, आणि पुष्कळांना पैसे परवडले असते.

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबारमधल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, तेव्हापासून यंत्र पुष्कळ शहाणं झालं. तरीही दर नोव्हेंबरात निवृत्तांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि तिथे अण्णाही रांगेतले एक होतात. त्यांचीही बोटं आता उमटत नाहीत. सगळ्या वाडीची ओळख पटवून देणारा माणूस समोर उभा असतो, आणि तो जिवंत आहे हे मशीनला पटत नाही. मग शेजारची मुलगी मोबाइल त्यांच्या तोंडापुढे धरते, 'अण्णा, पापण्या मिटा, उघडा' म्हणते, आणि ते निमूटपणे मिटतात, उघडतात. या दाखल्याला कागद लागत नाही. अण्णा तरी प्रिंट काढतात, तिच्याही तीन झेरॉक्स. पण पुढच्या नोव्हेंबरात त्यातली एकही चालत नाही. दाखला नवा काढावा लागतो.