आधी बाकीच्यांचं होऊ दे

नेऱ्याचा दादूस कशाच्याही विरोधात नाही. हे अगोदर सांगून टाकलेलं बरं, कारण त्याला विरोधक समजून आजवर बरेच अधिकारी, बिल्डर, पुढारी आणि खुद्द त्याचे दोन जावई फसले आहेत. दूध संस्था काढायची? काढायलाच हवी. पाच जणांनी पैसे घालून एक जेसीबी घ्यायचा? "कवाच घ्याला पायजे होता!" असं तोच सगळ्यांच्या आधी म्हणतो. फक्त सहीचा कागद पुढे आला की तो चष्मा काढतो, सदऱ्याच्या टोकाने पुसतो, पुन्हा डोळ्यांवर चढवत नाही आणि म्हणतो, "आधी बाकीच्यांचा होऊ दे. मी कुठं पलून चाललोय?"

बाकीचेही पळून चाललेले नसतात. तेही आपापल्या ओटीवर चष्मा पुसत बसलेले असतात.

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघालं की सुकापूर, आकुर्ली करत नेरे येतं. अलीकडे टॉवर, पुढे शांतिवन, आणखी पुढे देहरंगचं धरण, ज्याचं पाणी पनवेलकर पितात. या रस्त्यावर कुठेतरी दादूस तुम्हाला भेटेलच. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण तो एक नाही, दर आळीला एकेक आहे. पांढरा सदरा, गळ्यात चेन, पायात रबरी चप्पल, आणि खिशात घडीवर घडी घातलेला सातबारा. सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यांपैकी तीन स्वर्गवासी. वारसनोंद का केली नाही विचारलं तर म्हणतो, धाकट्याने आधी करावी. धाकट्याचं म्हणणं, मोठा असताना मी कशी करू?

तो आळशी असेल असं वाटण्याचा संभव आहे. तसं अजिबात नाही. गावठाणात त्याने एकट्याने चार खोल्यांची चाळ उभी केली, विटा स्वतः वाहिल्या, नळ स्वतः जोडला, आणि भाडेकरूंकडून एक तारखेला भाडं घेतो. पावसाळ्यात आजही गुडघाभर चिखलात उभा राहतो. स्वतःच्या जिवावर करायचं काम असलं की दादूसला उठवावं लागत नाही. दहा जणांनी मिळून करायचं असलं की त्याच्यासह दहाही जण झोपतात, आणि प्रत्येक जण एका डोळ्याने दुसरा उठला का ते बघत असतो.

मॅन्कर ओल्सन नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. फायदा सगळ्यांचा असला म्हणून सगळे मिळून तो मिळवतील असं धरून चालू नका, असं त्याचं म्हणणं. शहाणा माणूस विचार करतो की माझ्या एकट्याच्या वर्गणीने असा काय फरक पडणार, आणि काम झालंच तर लाभ मलाही मिळणारच आहे. गट जितका मोठा, तितका हा विचार बळावतो. ओल्सन आठवडाभर नेऱ्याच्या नाक्यावर चहा प्यायला असता तर पुस्तक निम्म्या वेळात हातावेगळं झालं असतं.

दादूसच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी सही मात्र विमानतळाने मागितली. जानेवारी २०१३ मध्ये नवी मुंबई विमानतळाच्या आसपासचा मुलूख 'नैना' म्हणून जाहीर झाला आणि नियोजनाचं काम सिडकोकडे गेलं. सुरुवातीची कल्पना ऐच्छिक होती. शेजारशेजारच्या जमीनमालकांनी आपण होऊन एकत्र यावं, सलग तुकडा तयार करावा, त्यातला ४० टक्के भाग रस्ते-बागा-शाळांसाठी द्यावा, ६० टक्के स्वतःकडे ठेवावा, वर जादा चटईक्षेत्र घ्यावं. कागदावर देखणी योजना. प्रत्यक्षात 'आपण होऊन' या दोन शब्दांपाशी ती थांबली. दादूस म्हणाला, बांधापलीकडच्याचं होऊ दे. बांधापलीकडच्याशी त्याचा बांधावरूनच १९९२ पासून अबोला. पुरेशी माणसं जमेनात, तेव्हा सिडकोने महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ उघडला आणि नगररचना योजना आणल्या. यात लवाद नेमतात आणि सगळ्या तुकड्यांची फेरआखणी करतात; प्रत्येकाने सही करण्याची वाट कोणी बघत नाही. मालकाच्या हाती ४० टक्क्यांचा अंतिम भूखंड येतो. चटईक्षेत्राचा हिशेब निराळा असल्यामुळे साठ आणि चाळीस यांची थेट तुलना करू नये, असं जाणकार सांगतात. दादूस मात्र करतो. रोज संध्याकाळी करतो. "साठ होते रं आपल्याकरं," तो म्हणतो, आणि शेजारी बसलेला बांधापलीकडचाही मान डोलावतो. अबोला तेवढ्यापुरता सुटला आहे.

योजनेला विरोध करायला गावोगाव सभा झाल्या. दादूस प्रत्येक सभेला हजर, पाठीमागच्या रांगेत. हात वर करायची वेळ आली की तो आजूबाजूला पाहतो, अर्धी सभा वर झाली की त्याचाही हात वर जातो. फोटोत तो नेहमी असतो आणि कधीच स्पष्ट नसतो.

आणि तरीही १९८४ च्या जानेवारीत हाच माणूस जासईला गेला होता. सासुरवाडी उरणच्या बाजूची, मेव्हण्याची जमीन संपादनात गेलेली. नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींवरून दि. बा. पाटलांनी उभारलेल्या लढ्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांनी जीव गमावला, आणि पुढे त्यातूनच प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. नेरे मूळ नवी मुंबईच्या ९५ गावांत नव्हतं; दादूसला त्यातून एक गुंठाही मिळणार नव्हता. मग का गेलास, असं विचारलं तर तो चिडतो. "मेवना एकलाच जानार होता काय?" हे उत्तर ओल्सनच्या पुस्तकात बसवायला मला जमलेलं नाही.

त्याहून मोठी गंमत त्याच्या खिशातल्या सातबाऱ्यात आहे. जमीन आली कूळकायद्यात. आणि कूळकायद्यामागे इतर गोष्टींबरोबर याच जिल्ह्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांचा संप उभा आहे. अलिबाग तालुक्यातल्या चरीसह २५ गावांच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून खोतांची जमीन कसायला नकार दिला, १९३३ ते १९३९, तब्बल सहा वर्षं. स्वतःच्या ताटातला भात सोडून. संप ठरवताना कोणीतरी हात पहिल्यांदा वर केला असणार, आणि त्याच्या घरी त्या रात्री काय बोलाचाली झाली असेल याचा विचार मला नेहमी पडतो.

हाच प्रश्न दादूसला लोणीला पडला होता. कुठल्याशा अभ्यासदौऱ्यात मंडळींना प्रवरेचा साखर कारखाना दाखवायला नेलं. मार्गदर्शकाने विठ्ठलराव विखे पाटलांबद्दल सांगितलं, धनंजयराव गाडगिळांबद्दल सांगितलं, शेतकऱ्यांकडून गावोगाव फिरून भागभांडवल कसं गोळा केलं ते सांगितलं. इतर लोक उसाचा रस पीत होते. दादूसने एकच विचारलं, "त्यांचा जाऊ दे, ते मोठी मानसा. त्यांच्यामागून पयला शेअर कोनी घेतला? आनि बायकोनं त्याला राती जेवाला घातला का नाय?" मार्गदर्शकाला माहीत नव्हतं. मला वाटतं, आपल्याकडच्या सहकाराच्या इतिहासात हे एक प्रकरण लिहायचं राहून गेलं आहे.

दादूसची वाट पाहण्याची पद्धत वाया जातेच असंही नाही. पनवेलच्या एका सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये रद्द केला तेव्हा अख्खा तालुका हवालदिल झाला. दादूसचा रुपयाही त्यात नव्हता. बाकीच्यांचं होऊ दे म्हणत त्याने मुदतठेवीचा फॉर्म भरून कपाटात ठेवला होता आणि अजून एकदोघांची खात्री करून घ्यायची होती. तेव्हापासून त्याच्या मताला नाक्यावर वजन आलं. नवी पतसंस्था, नवी मजूर संस्था, डंपरवाल्यांचा नवा संघ, काहीही निघालं की लोक आधी दादूसने सही केली का ते विचारतात. म्हणजे आता तो बाकीच्यांची वाट पाहतो आणि बाकीचे त्याची.

आता दुसरी बाजू. कार्ल्याच्या एकवीरेला पायी पालखी निघते तेव्हा टेम्पो ठरवणारा दादूस. कुणाच्या घरची हळद असली की पहाटे मटणाच्या रांगेत पहिला दादूस. गावात मयत झालं की लाकडं आणायला, रात्री एक वाजता, दादूस. टेनिस बॉलच्या स्पर्धेला बक्षीस कमी पडत होतं तेव्हा त्याने कोणालाही न विचारता पाच हजार काढून टेबलावर ठेवले आणि माईकवरून आपलं नाव दोनदा पुकारून घेतलं. एकत्र काम करण्याची ताकद या माणसात काठोकाठ आहे. ती फक्त अध्यक्ष-सचिव-खजिनदार असं लिहिलेल्या पाटीखाली आली की आटते.

यामागे मला दिसतं ते साधं कारण असं की पालखीचा हिशेब देवळात उभ्याने वाचतात. नारळ किती, डिझेल किती, उरले किती. ज्याने पन्नास दिले त्याचंही नाव, ज्याने दिले नाहीत त्याचंही मौन सगळ्यांसमोर. हळदीतला आहेर वहीत चढतो आणि पुढच्या लग्नात तेवढाच परत येतो. संस्थेचा ताळेबंद मात्र छापील येतो, उशिरा येतो, आणि तो समजणारा माणूस बहुधा तो लिहिणाराच असतो. दादूसला स्वार्थी म्हणणाऱ्यांनी एकदा सर्वसाधारण सभेत बसून बघावं. चहा-बिस्किटं येईपर्यंत दहा ठराव एकमताने मंजूर झालेले असतात.

त्याच्याच घरात एक संस्था बिनबोभाट चालू आहे, हे त्याच्या अजून नीट लक्षात आलेलं नाही. बायकोचा बचत गट. बाराजणी, ठरलेल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड, आणि दर बैठकीला वही मोठ्याने वाचायची. बँकेने कर्ज दिलं, ते फिटलं, पुन्हा दिलं. फार्महाऊसवाल्यांना तांदळाच्या भाकऱ्या पुरवण्यापासून सुरुवात झाली. आता पिठाची चक्की घ्यायचं चाललं आहे. दादूस याला संस्था मानत नाही. "बायकांचा काय ता चालू असता" असं म्हणतो.

परवा बायको जेवताना म्हणाली, चक्की आपल्या पडवीत बसवायची ठरली आहे, वीजमीटरच्या अर्जावर घरमालक म्हणून सही लागेल. दादूसने चष्मा काढला. सदऱ्याचं टोक धरलं.

"बाकीच्यांच्या नवऱ्यांचा काय म्हनना हाय?"

"त्याना कोनी इचारलाय?" ती म्हणाली, आणि पेन त्याच्या ताटाशेजारी ठेवून आमटी आणायला आत गेली.