परराष्ट्र खात्याच्या बिनपगारी सचिवांस

समाजमाध्यमांवरील समस्त मतधुरीणांस,



मतधुरीण म्हणजे बातमी आधी स्वतः वाचून मग तिचा अर्थ शेजारीपाजारी सांगणारी व्यक्ती, ही कल्पना पॉल लाझार्सफेल्ड आदी समाजशास्त्रज्ञांनी १९४०च्या अमेरिकी निवडणुकीच्या अभ्यासातून मांडली. तीतील ‘आधी स्वतः वाचून’ ही जाचक अट आपण काढून टाकली, याबद्दल आपले करावे तेवढे कौतुक थोडेच.

आपल्या कर्तबगारीचा अस्सल नमुना म्हणजे जानेवारी २०२४चे मालदीव प्रकरण. पंतप्रधानांच्या लक्षद्वीप दौऱ्यानंतर मालदीवच्या उपमंत्र्यांनी त्यांच्याविषयी अवमानकारक शेरे मारले, तेथील सरकारने ७ जानेवारीला तिघांना निलंबित केले, आणि राजनैतिक रीतीने जो विषय तेथेच मिटायचा, तो आपण बहिष्काराच्या हॅशटॅगने, म्हणजे एका विषयाचा सारा मजकूर एका दोऱ्यात ओवणाऱ्या खूणशब्दाने, घरोघरी पोहोचवला. ‘मालदीव नको, लक्षद्वीप पाहा’ म्हणत निळ्या पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या खोल्यांची जी छायाचित्रे फिरली, त्यांतील काही मालदीवचीच निघाली, ही बाब अर्थातच किरकोळ. लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी वस्ती १० बेटांवर, सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर आणि विमानतळ एकटा अगत्तीचा. २०२३मध्ये मालदीवला गेलेले दोन लाखांहून अधिक भारतीय लक्षद्वीपमध्ये मावणार कसे, हा प्रश्न भूगोलाचा असल्याने आपल्या अखत्यारीत येत नाही.

आपले व्यवसायबंधू पलीकडेही होतेच: ‘इंडिया आउट’ ही घोषणा तेथील समाजमाध्यमांवर पोसली गेली, आणि मोहम्मद मुइझ्झू २०२३ची अध्यक्षीय निवडणूक तेथे तैनात असलेल्या भारतीय सैनिकांना परत पाठवण्याच्या आश्वासनावर जिंकले. तेच मुइझ्झू ऑक्टोबर २०२४मध्ये दिल्लीस आले, चाळीस कोटी डॉलरच्या चलन-अदलाबदलीचा करार, म्हणजे अडचणीच्या वेळी परकी चलन मिळण्याची सोय, पदरात पाडून गेले, आणि जुलै २०२५मध्ये आपले पंतप्रधान मालदीवला गेले तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी स्वतः विमानतळावर हजर राहिले. शेजार बदलता येत नाही हे सरकारांना ठाऊक असते. ज्याने आपल्या सांगण्यावरून तिकीट रद्द करून त्याचे चित्र अभिमानाने झळकवले, त्याला भांडण मिटल्याचे मात्र आपण कळवलेच नाही.

तेवढे कळवावे. शिवाय लक्षद्वीपला जाण्यास भारतीय नागरिकांनाही प्रशासनाचा परवाना लागतो. त्याचा अर्ज आपण एकदा भरून पाहावा, ही विनंती.